शपथ एका दिवसाची, संध्याकाळ रोजची

गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. दर्यापूर-अंजनगावकडच्या या घरातला पोरका पोरगा मोठा झाला तेव्हा त्याने मुलीच्या बारशाला दारू-मटणाच्या रिवाजाऐवजी गोडाचं जेवण वाढलं. वऱ्हाडाला दारूचा प्रश्न नवा नाही आणि त्यावरची उत्तरंही नवी नाहीत. तरी काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की त्यांच्यापायी सुटत आलेली दारू पुन्हा धरली जाते.

‘सोडायची त एका झटक्यात, घरीच’

रोज भरपूर पिणाऱ्याने असं करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, ताप आणि भ्रम सुरू झाला तर ती आणीबाणीच समजायची. ‘दारू सोडली त मानूस मरते’ असं पारावर म्हणतात ते म्हणूनच. पण धोका सोडण्यात नाही, उपचाराविना सोडण्यात आहे. पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. औषधांसोबत बी-1 जीवनसत्त्वही दिलं जातं, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. अमरावतीचं इर्विन आणि अकोल्याचं सर्वोपचार, दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत; तिथे मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायला लाज कसली?

‘चहातून नकळत पुडी द्या’

ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती प्रेमापोटी पाळली जाते. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. त्याचा दारूविरोधी उपयोग 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. मग चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ती कुणी न सांगता दिली आणि तो भट्टीवर गेला, तर पुढचं सांगायला नको. म्हणून हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच देतात. जाहिरातीतल्या पुडीत काय असतं हे तर विकणाराच जाणे.

‘मनाचा पक्का असन त सुटते’

मन लागतंच. पण सकाळी पक्कं असलेलं मन संध्याकाळी सात वाजता तेवढंच पक्कं नसतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा तल्लफेच्या. त्यामुळे सवयीही तिथेच लावाव्या लागतात. कामावरून आल्याबरोबर, आंघोळीच्याही आधी, भाकर-झुणका खाऊन घ्यावा. भरल्या पोटी ओढ कमी होते. बाजार समितीतून परतताना भट्टीचा रस्ता टाळावा. कापसाचा चुकारा एकट्याने खिशात घालून येऊ नये, सोबत घरचं माणूस असावं. तल्लफ चढते, तशी उतरतेही. बहुतेक वेळा अर्ध्या तासात. तेवढा वेळ अमरावतीत वडाळी तलावाकडे, अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या बाजूला चालत सुटावं. झोप पूर्वपदावर यायला कित्येकदा महिने लागतात, तोवर ‘झोपेसाठी थोडी’ हा सौदा करू नये.

तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांत गावोगाव संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी पिण्याच्या नेमक्या वेळी चार माणसांत बसायची सोय होते, हे काही लहान काम नाही. माळ घातली म्हणून दारू सुटत नाही. माळेमुळे जो रोजचा नेम लागतो, त्याने मात्र सुटायला हातभार लागतो.

‘बियर म्हणजे काही दारू नाही’

आठ टक्क्यांची 650 मिलिलिटरची एक बाटली घ्या. तिच्यात 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या दोन पेगांइतकं. आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर असताना ती ‘थंडावा’ देत नाही. लघवी वाढवून अंगातलं पाणीच काढते. ताक प्या.

‘पोळ्याच्या करीला घसरला, आता काय उपयोग?’

अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थेच्या मते उपचार घेतलेल्यांपैकी 40 ते 60 टक्के लोक कधी ना कधी पुन्हा व्यसनाकडे वळतात. रक्तदाबाचे रुग्णही गोळ्या सोडतात आणि त्यांचा रक्तदाब पुन्हा चढतो. तेव्हा त्यांना कुणी टोमणे मारत नाही. घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलं, यावर बरंच काही ठरतं. 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही भरतीच्या दिवसांनंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानतात. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सदस्यांकडून जन्मभराचं वचन मागतच नाही, फक्त आजच्या दिवसापुरतं मागते. मला हे शपथेपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

घरच्यांनी एवढं करावं: रोज तोंडाचा वास घेणं थांबवावं आणि संध्याकाळी जेवण वेळेवर वाढावं. आणि दोन नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवावेत. व्यसनमुक्तीसाठी 14446, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416, जिथे मराठीतूनही बोलता येतं. दोन्ही मोफत आहेत.