अर्ध्या सेंटिमीटरचा प्रश्न

अंगणवाडीच्या भिंतीला उंचीची फळी उभी केली आहे. तीन वर्षांची मुलगी तिच्यावर चढते आणि लगेच चवड्यांवर उभी राहते. पहिली ताई तिचे गुडघे हलकेच मागे दाबते, टाचा फळीला लावते, डोक्यावरची क्लिप काढते. हनुवटी धरून मान अशी बसवते, की कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत यावी. मग सरकती पट्टी डोक्यावर टेकते. आकडा चिठ्ठीवर लिहिला जातो, चिठ्ठीची घडी होते. आता दुसरी ताई, तीच मुलगी, सगळं पहिल्यापासून. पहिलीचा आकडा हिला दिसता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात दिल्लीसह सहा शहरांत बालवाढीचा अभ्यास केला, तेव्हाही दोघे जण स्वतंत्रपणे मोजत. लांबीत 7 मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात 100 ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला, की दोघांनी पुन्हा मोजायचं.

अंगणवाडीतला हा मोजणीचा सराव संपला की चिठ्ठ्या उघडतात. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करायचा, त्यांच्या बेरजेला जोड्यांच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ही झाली मोजणीची तांत्रिक चूक. ती अर्धा सेंटिमीटर आली असं धरू. मुलांच्या उंचीचं प्रमाण विचलन 4 सेंटिमीटर असेल, तर विश्वासार्हता 0.98 निघते आणि सगळे खूश होतात. पण हा आकडा एवढंच सांगतो, की उंच मूल कोणतं आणि बुटकं कोणतं हे आपल्याला नीट ओळखता येतं. मूल वाढलं का, हा प्रश्न वेगळाच. तिथे दोन मापांची वजाबाकी असते आणि दोन्हींतल्या चुका तिच्यात उतरतात: अर्ध्याचा होतो सुमारे 0.7 सेंटिमीटर. या वयाचं मूल महिन्याला वाढतं जेमतेम 0.6. म्हणजे महिन्याभरात ‘वाढ खुंटली’ असा शेरा मारून एखाद्या आईला धास्तावून सोडणं अन्यायाचं आहे. वर्षभराने तीच फळी, तीच चूक, पण वाढ सात सेंटिमीटरच्या आसपास. आता बोलायला आधार आहे.

शिवाय माणूस सकाळी जास्त उंच असतो. दिवसभरात मणके दबतात. दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजतात, पुढे उभं करून, आणि त्या बदलातच सुमारे 0.7 सेंटिमीटर जातात. ते हिशेबात धरले नाहीत, तर मूल कागदावर आक्रसतं.

दुसऱ्या ताईचे आकडे बहुतेक वेळा कमीच येत होते. प्रशिक्षक बाईंनी तिला पुन्हा मोजायला लावलं आणि कारण सापडलं: ती खाली न वाकता वरूनच आकडा वाचत होती. “गुडघ्यावर बसा ताई, डोळा पट्टीच्या पातळीत आणा.” पुढच्या मुलांचे आकडे जुळू लागले. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक सरासरी काढून जात नाही. आणि मध्येच मोजणारी व्यक्ती बदलली, की अख्ख्या गावाची मुलं एका महिन्यात वाढल्यासारखी किंवा थांबल्यासारखी दिसतात. म्हणून नोंदवहीत उंचीच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेतच: मोजलं कोणी आणि किती वाजता.