वेल्डिंग मशीन मध्येच बंद पडते तेव्हा

काम रंगात आलेले असताना मशीन बंद पडते, ही वेल्डिंगच्या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. जव्हार तालुक्यात दाभोसा धबधब्यासारख्या आडबाजूच्या ठिकाणी रेलिंगचे किंवा पत्र्याच्या शेडचे काम घेतले असेल, तर मेकॅनिकही हाताशी नसतो. मग कोणीतरी सुचवतो, "कटआऊट डायरेक्ट करून टाका." हा सल्ला कारागीर बांधवांनी मानू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मशीनच्या पाटीवर '२०० अँपिअर, ६० टक्के' असे लिहिलेले असते. याला ड्यूटी सायकल म्हणतात. हवा ४० अंश सेल्सिअस असताना दर १० मिनिटांत ६ मिनिटे २०० अँपिअरवर काम करावे आणि ४ मिनिटे मशीनला विश्रांती द्यावी, असा त्याचा अर्थ. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधील उष्णता चौपट होते. म्हणूनच हे मशीन सुमारे १५५ अँपिअरवर मात्र न थांबता चालू शकते.

ही मर्यादा ओलांडली की थर्मोस्टॅट, म्हणजेच कटआऊट, आपले काम करतो. तो वाइंडिंगवर किंवा इन्व्हर्टरच्या हीटसिंकवर बसवलेला असतो. बहुधा त्यात दोन धातूंची पट्टी असते. ती ठराविक तापमानाला वाकून वेल्डिंगचा करंट तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. हा बिघाड नव्हे, राखण आहे. 'एफ' वर्गाचे इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत आणि 'एच' वर्गाचे १८० अंशांपर्यंत टिकते. कटआऊट डायरेक्ट केला, की ते कधी जळेल याचा भरवसा राहत नाही. मग वाइंडिंग नव्याने भरण्याचा खर्च डोक्यावर बसतो.

एमसीबी आहे, मग भीती कशाची, असे काहीजण विचारतात. एमसीबीला करंट कळतो, मशीनच्या आतली उष्णता कळत नाही. पंखा बंद पडला किंवा जाळीत ग्राइंडिंगची धूळ बसली, तर करंट तेवढाच राहतो आणि मशीन मात्र तापते. एमसीबीचे मुख्य काम वायरिंग वाचवणे. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसवला, तर आग वायरला लागते.

व्होल्टेज कमी असले, की तेवढेच काम करण्यासाठी इन्व्हर्टर मशीन जास्त करंट ओढते. लांब व बारीक केबलने व्होल्टेज आणखी घटते. म्हणून केबल जाड व शक्य तितकी आखूड ठेवावी.

दिवा लागला की मेन स्विच बंद करू नये. पंखा चालू राहिला तर मशीन लवकर थंड होते. मशीन सावलीत आणि भिंतीपासून दूर ठेवावे. सप्लाय काढून धूळ वेळोवेळी साफ करावी. एवढे करूनही कमी करंटवर कटआऊट पडत असेल, तर मशीन जाणकाराला दाखवावे. दहा मिनिटांची विश्रांती परवडते. ऐन हंगामात मशीन दुरुस्तीला गेले, तर हातची मजुरी बुडते.