धामणीचं धनुष्य

धामण म्हटलं की बहुतेकांना साप आठवतो. आज मी ज्या धामणीबद्दल बोलणार आहे, ती झाडाची. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात आणि शेतांच्या बांधांवर हे झाड अजून भेटतं. फालशाच्या गोत्रातलं आहे. बारीक पिवळसर फुलं, वाटाण्याएवढी फळं. ती पिकून काळी झाली की पोरं आणि पाखरं दोघंही खातात. झाडाकडे मुद्दाम बघावं असं काही नाही, म्हणून कोणी बघतही नाही.

लाकडाच्या व्यवहारात ढोबळ मानानं दोनच जाती मानतात : सागवान आणि आडजात. साग तेवढा साग. बाकीचं सगळं रान आडजात. ऐन आडजात, किंजळ आडजात, धामणही आडजात. मी तीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं, पण धामणीचा उल्लेख माझ्याकडून झाला तो एवढाच, की कुऱ्हाडीच्या दांड्याला ती बरी. ती बरी का, हे मी कधी सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या गावच्या वखारीत गेलो होतो. बंबासाठी जळण हवं होतं. कुणाच्या तरी बांधावरची झाडं तोडून आणलेली, ओंडक्यांचे अजून तुकडेही झाले नव्हते. वजनावर मोजून घेत असताना शेजारच्या कातकरवाडीतले एक म्हातारे बाबा तिथे उभे होते. त्यांनी एका ओंडक्याला पाय लावला आणि म्हणाले, "मास्तर, ही धामन हाय. जळनात नका घालू. हिचा कमठा होतो."

कमठा म्हणजे धनुष्य. तीरकमठा हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. माझी समजूत अशी, की तो बांबूचाच असतो. भिल्लांचा तीरकमठा बांबूचाच असतो, दोरीसुद्धा बांबूच्याच चोयीची. घरी येऊन जुना निघंटू काढला. धामणीची संस्कृत नावं वाचली : धन्वंग, धनुर्वृक्ष. झाडाच्या नावातच धनुष्य होतं आणि आपण ते बंबात घालत होतो.

आता धनुष्य म्हणजे नेमकं काय, ते जरा समजून घेऊ. दोरी ओढली की धनुष्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. पहिलीला पाठ म्हणू, दुसरीला पोट. एकाच लाकडाला एकाच वेळी दोन उलट कामं करावी लागतात. म्हणून हवं असं लाकूड, जे वाकतं, वाकताना ताकद साठवतं आणि सोडल्याबरोबर परत देतं. कावडीचा दांडा आठवा. दोन्हीकडे भार घेऊन माणूस चालतो तेव्हा दांडा लवतो आणि पावलाबरोबर उचल खातो. त्या कावडीलाही धामणच वापरतात. कुऱ्हाडीच्या दांड्याचं कोडंही इथेच सुटतं. घाव बसल्यावरचा धक्का धामण स्वतःत मुरवते, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही.

इंग्लंडमध्ये या कामासाठी यू नावाच्या झाडाला राजमान्यता होती. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्याच्या पोटात यूची लांबलचक धनुष्यं सापडली. पण यू पुरेना. १४७२ मध्ये तिथे कायदा झाला, की इंग्लंडच्या बंदरात माल घेऊन येणाऱ्या जहाजानं मालाच्या ठरावीक मापामागे धनुष्याच्या लाकडाचे चार दांडे आणलेच पाहिजेत. पुढे १५४१ च्या कायद्यानं धनुष्य करणाऱ्या कारागिरांना यूच्या धनुष्यांबरोबर एल्म, ॲश अशा लाकडांचीही धनुष्यं करायला लावली. म्हणजे त्यांची आडजातच! आणि ही आडजात काही नवी नव्हती. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड इथल्या दलदलीत १९४४ साली जी धनुष्यं मिळाली, ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि एल्मची आहेत. त्यांचा आकार मात्र यूच्या धनुष्यासारखा गोलसर दांड्याचा नाही. ती पट्टीसारखी रुंद आणि चपटी आहेत.

माझ्या मते सगळी मेख त्या रुंदीत आहे. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठरपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. पण जाडी वाढली की वाकवताना पाठीवरचा ताण आणि पोटावरचा दाबही वाढतो. यू जाड असूनही तो सोसतं. इतर लाकडांना तो सोसत नसेल तर त्यांना पातळ करा, आणि गेलेली ताकद रुंदीनं भरून काढा. लाकडाला नालायक ठरवण्याआधी आपण त्याला कुठला आकार देतोय, ते बघायला हवं. मी ही गोष्ट आकड्यांत समजून घेतली. बाबांना ती हातानं माहीत होती. ते बोटं जुळवून म्हणाले, "मुठीपाशी तीन बोटं रुंद ठेवा, टोकाला एक."

ओंडका सहा फुटांचा, मनगटापेक्षा बराच जाड. करवत लावायची नाही, हा पहिला हुकूम. पाचरी आणि घण घेऊन तो उभा फोडला. करवत सरळ जाते, लाकडाचा तंतू मात्र आपल्या वाटेनं जातो; फोडलं की भेग तंतूच्या वाटेनंच जाते. दोन फाळ्या मिळाल्या. ओली साल हातानं सोलली, तर लांबच लांब पट्टे निघाले. या सालीच्या वाखाचे पूर्वी दोर वळत. सालीखालचं लाकूड पिवळसर पांढरं, आतला गाभा तांबूस.

फाळ्या थोड्या तासून हलक्या केल्या. टोकांना ऑइलपेंट आणि पाठीला लाखेचं पॉलिश लावलं, म्हणजे पाणी हळूहळू जाईल आणि तडे पडणार नाहीत. मग दोन्ही माळ्यावर सावलीत ठेवल्या. दर रविवारी तराजूवर वजन करून भिंतीवर लिहीत गेलो. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग सावकाश. होळीच्या सुमारास ते उतरायचं थांबलं. लाकूड वाळलं हे ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. कोकणात हे काम दिवाळी ते पाऊस यांच्यामध्येच उरकावं, कारण दमट हवेत लाकूड पुन्हा पाणी पितं आणि मऊ पडतं.

पहिली फाळी मी घालवली. सुतारच मी, पाठ जराशी वरखाली दिसली म्हणून रंधा मारून आरशासारखी सपाट केली. दिसायला सुरेख झाली. दोरी वीस इंचांपर्यंत ओढली आणि पाठीवर एक ढलपी उचलली. पुढच्याच क्षणी काड्‌कन आवाज होऊन वरचं पातं माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर आदळलं. चार महिन्यांचं वाळवण एका क्षणात गेलं. कपाळ वाचलं, हे नशीब.

तुकडे घेऊन बाबांकडे गेलो. त्यांची नजर तोवर अधू झाली होती. त्यांनी तुटलेल्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाठ सोलायची नसती, मास्तर. साल काढली की पाठ झाली."

त्याचा अर्थ असा. लाकूड म्हणजे तंतूंची मोळी. सालीखालचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतात. मी रंध्यानं उंचवटे कापले, म्हणजे तंतूच मध्ये कापले. ताण आला की अशी कापलेली टोकं उचलतात. पोटाकडून हवं तेवढं काढा. पाठीला हात लावायचा नाही. मुलांना तीस वर्षं रंधा शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

आता एकच फाळी उरली होती. या वेळी पाठ जशी होती तशी ठेवली. एके ठिकाणी गाठ होती, तिच्याभोवती लाकूड जरा जास्त सोडलं. धनुष्य नागमोडी दिसायला लागलं. सुताराच्या डोळ्याला ते खुपत होतं, पण डोळ्याला गप्प बसवलं. लांबी साडेपाच फूट. वाकसानं तासून, मग कानसीनं घासून पोट उतरवत आणलं.

यानंतरचं काम सगळ्यात नाजूक. दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत, आणि प्रत्येक पातं मुठीपासून टोकापर्यंत एकसारखं वाकलं पाहिजे. मी एका फळीला खाचा पाडून धनुष्य तिच्यावर अडकवलं, दोरी एकेक खाच खाली ओढत गेलो आणि लांबून बघत राहिलो. जिथे जास्त वाकतंय तिथे कानस लावायचीच नाही. जिथे वाकत नाही तिथून काढायचं. आणि काढायचं ते किती? पंधरा मिलिमीटर जाडीतून एक मिलिमीटर काढला, तर तिथला ताठरपणा जवळजवळ एक पंचमांशानं उतरतो. म्हणून शेवटी कानस सोडून काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, दर वेळी वीसतीसदा दोरी थोडी थोडी ओढून लाकडाला सवय लावायची आणि पुन्हा बघायचं. बाबा फळीबिळी वापरत नव्हते. धनुष्याचं टोक जमिनीला टेकवून मुठीवर भार द्यायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं पोटावरून फिरवायचे. "हितं झोपलंय," म्हणाले. मी फळीवर लावून बघितलं. बरोबर तिथेच पातं ताठ राहत होतं.

दोरी अंबाडीची, मेण लावून पिळलेली. धामणीच्या वाखाचीही करून पाहिली, पण मला काही ती बारीक वळता आली नाही. धनुष्य पूर्ण ओढलं तेव्हा ताणकाट्यावर सोळा किलो भरले. दोरी उतरवल्यावर ते दोन बोटं वाकलेलं राहतं; पोटाचं लाकूड तेवढं दबलं. पहिल्या धनुष्याला एवढं माफ आहे, असं बाबांचं मत पडलं. नेम आम्ही परसातल्या केळीच्या बुंध्यावर धरला. शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण शिकार थांबली आणि तिच्याबरोबर कमठा करणारे हातही थांबले, हेही खरं. बाबांच्या वाडीत आज कमठा करणारं दुसरं कोणी नाही. बांधावरची धामणही कमी होत चालली आहे. तिला भाव नसतो, त्यामुळे ती राखावी असं कुणाला वाटत नाही.

हे ऐकून कुणाला धनुष्य करावंसं वाटलं, तर रानात जाऊन उभ्या झाडाला कुऱ्हाड लावू नका. वखारी धुंडा. मी अजून दर महिन्याला आमच्या वखारीत चक्कर मारतो. आडजातीच्या ढिगात सरळ, बिनगाठीचा ओंडका क्वचितच मिळतो. आतापर्यंत दोन मिळाले. वखारवाल्यानं आता धामण ओळखायला शिकून घेतलं आहे. ती तो बाजूला काढून ठेवतो आणि माझ्याकडून जळणाच्या दुप्पट पैसे घेतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)