सुई नसलेले होकायंत्र

होकायंत्र म्हटले की काचेखाली थरथरणारी चुंबकसूची आपल्या डोळ्यांपुढे येते. पण डोंगरात हिंडणाऱ्या एखाद्या दादाच्या किंवा ताईच्या मनगटावर तुम्ही असे घड्याळ पाहिले असेल, की ज्यात सुईच नाही. कळ दाबली की पडद्यावर एक आकडा उमटतो, उदाहरणार्थ ३००. उत्तरेला ० अंश धरून काट्यांच्या दिशेने मोजत गेले की पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. तेव्हा ३०० म्हणजे वायव्येच्या थोडे अलीकडे, पश्चिमेच्या बाजूला.

या आकड्यावर विश्वास किती ठेवावा? प्रश्न पुस्तकी नाही. आषाढात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. दाट धुक्यामुळे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि पश्चिमेला कोकणकडा तुटलेला आहे. घड्याळाने दिशा १५ अंशांनी चुकवली, तर एक किलोमीटर चालून गेल्यावर तुम्ही ठरलेल्या जागेपासून सुमारे २६० मीटर बाजूला असाल. (१००० ला १५ अंशांच्या साइनने गुणून पाहा.) कड्याच्या कडेला २६० मीटर फार होतात. उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी जीपीएस यंत्रणा तुम्ही कोठे आहात हे सांगते खरी. पण एका जागी उभे असताना तुमचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे तिला कळत नाही. त्यासाठी आधी चालावे लागते, आणि नेमके चालण्यापूर्वीच दिशा हवी असते!

सुई नसताना घड्याळाला उत्तर कळते कशी? अशा अनेक घड्याळांत परमॅलॉय या निकेल व लोखंडाच्या मिश्रधातूच्या अतिशय पातळ पट्ट्या असतात. पट्टीतील चुंबकत्वाची दिशा आणि विद्युतप्रवाहाची दिशा यांमधील कोन बदलला की पट्टीचा रोध किंचित बदलतो. लोखंड व निकेल यांचा हा गुणधर्म विल्यम थॉमसन यांनी १८५७ साली नोंदला. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले तेच हे थॉमसन. रोधातील हा बदल फार तर दोन-तीन टक्के, आणि पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रामुळे होणारा त्याहूनही कितीतरी कमी. तो मोजण्यासाठी चार पट्ट्या व्हीटस्टनच्या सेतूसारख्या जोडतात. प्रयोगशाळेत ज्या सेतूला विद्यार्थी कंटाळतात, तोच येथे नखाहून लहान होऊन बसलेला आहे!

असे दोन सेतू एकमेकांशी काटकोनात ठेवतात. एक सेतू घड्याळात बाराचा आकडा असतो त्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र मोजतो, तर दुसरा तीनच्या आकड्याच्या दिशेचे. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. समजा, बाराच्या दिशेने १९ आणि तीनच्या दिशेने ३३ मायक्रोटेस्ला भरले. ३३ भागिले १९ म्हणजे जवळजवळ १.७३, आणि हे तर ६० अंशांचे टॅन. म्हणजे उत्तर दिशा बारापासून उजवीकडे ६० अंशांवर आहे. अर्थात बाराची बाजू उत्तरेच्या डावीकडे ६० अंश, म्हणजेच ३०० अंशांवर. दहावीतले त्रिकोणमितीचे गणित घड्याळ क्षणात सोडवते.

पण सेतूला पृथ्वीचे क्षेत्र कोणते आणि परके कोणते हे ओळखता येत नाही. घड्याळातच बॅटरीचे पोलादी आवरण असते, बारीक स्प्रिंगा असतात. त्या घड्याळाबरोबरच फिरतात, म्हणून त्यांचा परिणामही ठरलेला असतो. घड्याळ सपाट धरून एक पूर्ण फेरी फिरवले तर बाराच्या दिशेचे वाचन +३८ पासून -३८ पर्यंत जायला हवे. ते +४८ पासून -२८ पर्यंत गेले, तर काय समजावे? दोन्ही टोकांची सरासरी १०. हे १० घड्याळाच्या पोटातले, पृथ्वीचे नव्हेत. ते प्रत्येक वाचनातून वजा करायला घड्याळाला शिकवणे यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ते केले नाही तर १० मायक्रोटेस्लाची ही भर काही दिशांना सुमारे १५ अंशांची चूक घडवते. कड्यावरची ती चूक ती हीच! काही घड्याळांत पूर्ण फेरीऐवजी एक वाचन एका दिशेला व दुसरे नेमके उलट दिशेला घेतात. दोन्हींची सरासरी काढली की पृथ्वीचा भाग आपोआप नाहीसा होतो, आणि उरते ते परके. बॅटरी बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करावेच लागते. माझ्या मते प्रत्येक सहलीच्या सकाळी ते करावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आता हात तिरपा धरण्याविषयी. पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर नसते. आपल्याकडे ते सुमारे २५ अंश खाली झुकलेले असते आणि त्याचा उभा घटक १८ मायक्रोटेस्लाच्या आसपास भरतो. घड्याळ १० अंश तिरपे झाले तर यातले सुमारे ३ मायक्रोटेस्ला आडव्या वाचनात मिसळतात व जास्तीत जास्त पाचेक अंशांची चूक होते. इंग्लंडात मात्र आडवा घटक २० आणि उभा ४५ च्या घरात. तेथे तेवढ्याच तिरपेपणाने चूक २० अंशांच्या पुढे जाऊ शकते. काही घड्याळांत तिसरा सेतू आणि गुरुत्वाची दिशा ओळखणारा संवेदक असतो, त्यांना हा दोष दुरुस्त करता येतो. साध्या घड्याळात ते काम तुमच्या मनगटाने करायचे.

बाहेरच्या लोखंडाला मात्र कॅलिब्रेशनचा उपाय चालत नाही, कारण ते घड्याळाबरोबर फिरत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, गडावरची तोफ, विजेचा मनोरा यांच्याजवळ दिशा पाहूच नये. खिशातल्या मोबाइलच्या ध्वनिवर्धकातही चुंबक असतो. पण लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की परिणाम एक अष्टमांश! म्हणून बहुधा चार पावले दूर जाणे पुरते.

लोखंडाची ही लुडबूड किती दूरवर पोचते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने मापने बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतीसाठी मुद्दाम चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला काळा पाषाण त्या कामी चालण्यासारखा नव्हता.

काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, गिर्यारोहकांनीही भान ठेवावे. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. स्कॉटलंडमधील स्काय बेटावरच्या कुइलिन डोंगररांगेत अशाच खडकांमुळे होकायंत्र भलतेच दाखवते, हे तेथील गिर्यारोहकांना चांगले ठाऊक आहे. सह्याद्रीही बेसाल्टचाच. दर कड्यावर असे होते असे मुळीच नाही, पण शंका आली तर एक सोपी परीक्षा करावी. मित्राला पन्नास पावले पुढे पाठवा. तुम्ही त्याची दिशा घ्या, त्याने त्याच घड्याळाने तुमची घ्यावी. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक यायला हवा. तो आला नाही तर दोनपैकी एका जागी खडक किंवा लोखंड ढवळाढवळ करीत आहे.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक महाराष्ट्रात एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून त्याची चिंता नको. हे शाळेच्या मैदानावर ताडून पाहता येईल. एक सरळ लाकडी काठी जमिनीत उभी रोवा (खिळा नको!) आणि तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळावर येते तेथे खूण करा, दुपारनंतर ते पुन्हा वर्तुळावर येते तेथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. तिला काढलेला लंब दक्षिणोत्तर. वर्गात असे घड्याळ कोणाकडे नसेल तर शिक्षकांच्या स्मार्टफोनमधील होकायंत्र चालेल, मात्र ते सपाट ठेवावे. चारही दिशांची वाचने घेऊन कॅलिब्रेशनच्या आधीची व नंतरची चूक मांडा. मग एक लोखंडी कुलूप ४०, २० आणि १० सेंटिमीटरवर ठेवून वाचन किती सरकते ते पाहा. चुंबक चिकटणारा आणि न चिकटणारा असे स्टीलचे दोन डबे मिळाले तर त्यांचीही तुलना करा.