सूर्यास्ताआधीचे कोल्हापूर

शनिवार-रविवार कोल्हापूरला जाऊन यावे, असा बेत आपल्या पोफळी-चिपळूण भागातील व्यापारी कुटुंबांत अनेकदा होतो आणि बहुधा मोडतो. अडचण पैशाची नसते. दुकान कोण उघडणार, ही असते. मग बेत एकदाचा जमलाच, तर राहिलेले सारे दोन दिवसांत पाहून घेण्याचा मोह होतो. बँकेत नोकरीला असताना मीही तीच चूक केली होती.

त्या वेळी शहर, जोतिबा आणि पन्हाळा अशी यादी एकाच दिवसात बसवली. पन्हाळ्यावरच सूर्य मावळला. आई सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही. ती काही बोलली नाही. गाडीत डोळे मिटून बसली आणि तशीच उपाशी झोपली. सहल आम्हा सर्वांची झाली, तिची झाली नाही. आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासणाऱ्याला ही तूट फार बोचली.

निवृत्तीनंतर पुन्हा बेत आखला, तो सूर्यास्तापासून मागे मोजत. फ्रान्समध्ये ल्यों, अव्हिन्याँ यांसारख्या जुन्या शहरांत लोक दोन दिवसांसाठी जातात, तेव्हा जुन्या पेठेजवळ उतरतात आणि पायी फिरतात. कोल्हापूरलाही हीच रीत शोभते. आम्ही महाद्वार रोडच्या आसपास मुक्काम ठरवला आणि यादीतून पन्हाळा, जोतिबा, नवा राजवाडा ही तिन्ही नावे खोडली.

दिवस हिवाळ्याचे निवडले. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुके दाटते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवण साडेपाचला हवे. कांदा-लसूण व कंदमूळ नको, हे भोजनालयात आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून सांगून ठेवले. शनिवारी सकाळी सहाला पोफळी सोडली. घाट चढून हेळवाक, पाटण, कराड या मार्गाने न्याहारीसह साडेदहापर्यंत कोल्हापूर गाठले.

दुपार टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयासाठी राखली होती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झाले. तेथे मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती येथे आहे. ती रोमन साम्राज्यातून व्यापाराच्या ओघात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आलेली. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. “समुद्राचा देव इथवर आला, म्हणजे घाट चढूनच ना?” तिने विचारले. कोणता घाट, हे मूर्ती सांगत नाही. पण आमच्या घरात तो कुंभार्लीच ठरला! साडेपाचला जेवण आटोपले आणि सायंकाळी रंकाळ्याच्या काठी सावकाश फेरी झाली.

रविवारी सकाळी भवानी मंडप पाहून खासबाग मैदानात गेलो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले असता त्यांनी रोमचे भव्य प्रेक्षागार पाहिले आणि त्यावरून कुस्तीचे हे मैदान उभारले, असे सांगतात. मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. व्यापाऱ्यांनी त्यांची आणखी एक आठवण जपावी: गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ त्यांनीच १८९५ मध्ये वसवली. पुढे गुजरीत सुनेने कोल्हापुरी साज पाहिला. घेतला नाही, पण भाव मात्र नीट विचारून ठेवला.

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. तेथील २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ मध्ये स्थापन झाली. दर्शन घेऊन दुपारी बाराच्या आत निघालो, म्हणून घाट उजेडी उतरता आला आणि सायंकाळचे जेवण वेळेत घरी झाले.

दोन दिवसांत किती स्थळे पाहिली, असे शेजाऱ्यांनी विचारले. मी मोजू लागलो, तोच आई म्हणाली, “पन्हाळा राहिलाय. पुढच्या हिवाळ्यात फक्त पन्हाळाच ठेव.”

दुकानाची चावी दोन दिवस कोणाकडे द्यायची, एवढे वाचकांनी या दिवाळीतच ठरवून ठेवावे. बाकीचा बेत सूर्य ठरवून देतो.