मुरमंही आणि इसबही : मुलांसाठी फेसवॉश कसा निवडायचा?

गेल्या काही भागांनंतर एक प्रश्न वेगवेगळ्या गावांहून पुन्हा पुन्हा येतोय. इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून, दिल्लीहून. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. ‘डॉक्टर, मुलगी पंधरा वर्षांची आहे. कपाळावर आणि गालांवर मुरमं आहेत. पण लहानपणापासून इसबाचाही त्रास आहे. मुरमांचा फेसवॉश लावला की चेहऱ्याची आग होते, खाज सुटते. इसबासाठी तेलकट मलम लावलं की मुरमं वाढतात. मग तिनं तोंड धुवायचं तरी कशानं?’

इसब म्हणजे एक्झिमा. आज आपण एवढाच प्रश्न घेऊ. उत्तर आधीच सांगून टाकतो आणि मग त्याची कारणं बघू. अशा चेहऱ्यासाठी फेसवॉश निवडताना इसबाचं ऐकायचं. मुरमांवरचा उपाय फेसवॉशच्या बाटलीत शोधायचा नाही, तो वेगळा करायचा.

असं का, ते समजण्यासाठी दोन्ही त्रास नेमके काय आहेत ते पाहू. वयात येताना हार्मोन्समुळे चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी जास्त काम करू लागतात. रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल साचतं, आत जंतू वाढतात, सूज येते. हे झालं मुरूम. नाकावर दिसणारा काळा ठिपका हा मळ नसतो. साचलेल्या पदार्थाचा हवेशी संबंध येऊन आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे तो काळा दिसतो. म्हणजे मुरमाची सगळी घडामोड रोमछिद्राच्या आत चाललेली असते. वरून कितीही घासलं तरी तिथपर्यंत काही पोचत नाही.

इसबात अडचण उलटी असते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ म्हणजे मधलं सिमेंट. इसब असणाऱ्यांची ही भिंत जन्मतःच थोडी विरळ असते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, सुगंधी द्रव्यं आत शिरतात. मग खाज, लाली, खरखरीतपणा.

आता बाजारातला मुरमांचा फेसवॉश काय करतो? तो तेल काढतो. तेलाबरोबर भिंतीतलं सिमेंटही थोडं धुवून नेतो. चांगल्या भिंतीला ते चालून जातं, विरळ भिंतीला चालत नाही. शिवाय चिडलेल्या, सुजलेल्या त्वचेवर मुरमांची औषधंही सहन होत नाहीत आणि मुलं ती चार दिवसांत सोडून देतात. म्हणून आधी भिंत सांभाळायची.

आता दुकानात जाऊ. पहिली गोष्ट, साबण नको. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. बरेच जण मला सांगतात, ‘आम्ही ग्रेड वनचा साबण वापरतो.’ साबणाच्या वेष्टनावर टीएफएम लिहिलेलं असतं. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या ग्रेडचा. पण टीएफएम म्हणजे साबणात स्निग्धाम्लं किती, एवढंच. तो साबण चांगल्या प्रतीचा असेल, पण अल्कधर्मी असतोच. इसबाच्या चेहऱ्याला टीएफएम बघून साबण निवडू नका.

त्याऐवजी साबणविरहित क्लिन्झर घ्या. वडीच्या रूपात असेल तर त्याला सिंडेट बार म्हणतात. यांचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. आणखी एक फायदा जड पाण्याच्या गावांत कळतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिसळून न विरघळणारा साका बनवतं. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तोच. तो चेहऱ्यावरही राहतो. सिंडेटचा असा साका होत नाही. मात्र त्यासाठी घरात पाणी मृदू करणारं महागडं यंत्र बसवायची गरज नाही. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर अशा यंत्राची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. यंत्रामुळे इसबात जास्तीचा फायदा दिसला नाही.

दुसरी गोष्ट, बाटलीची मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूला ‘जेंटल’, ‘नॅचरल’, ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ असं काहीही लिहिलेलं असू शकतं, त्यावरून फारसं कळत नाही. मागे घटकांची यादी असते. आपल्याकडच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. म्हणजे पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची.

तिथं सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर बाटली परत ठेवा. हा फेस भरपूर करतो, पण त्वचेला चांगलाच त्रासदायक आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट हा त्याचा थोडा सौम्य भाऊ, पण इसबासाठी तोही टाळलेला बरा. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही सौम्य घटकांची नावं आहेत. यातल्या बीटेनची काही मोजक्या जणांना अ‍ॅलर्जी असते, तेवढं लक्षात असू द्या. ग्लिसरीन, सिरॅमाइड, नायसिनमाइड ही नावं दिसली तर चांगलं.

परफ्यूम किंवा फ्रेग्रन्स हा शब्द यादीत कुठेही असेल तर नको. इथं एक फसगत होते. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच. मूळ वास झाकायला त्यात सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. आपल्याला ‘फ्रेग्रन्स फ्री’ हवं. थंडगार वाटणारं मेंथॉल, अल्कोहोल, अक्रोडाच्या सालीची पूड, बारीक दाणे हेही नकोत. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक अ‍ॅलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे, तेही टाळा.

मी ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण एकाच नावाखाली चार प्रकारच्या बाटल्या मिळतात आणि घटकही बदलत राहतात. यादी वाचायला शिकलात की कोणत्याही गावातल्या दुकानात तुमचं अडणार नाही.

घरच्या उपायांबद्दल विचारलं जातंच. डाळीचं पीठ, मुलतानी माती, लिंबू, कडुलिंबाचा लेप. लिंबू खूप आम्लधर्मी असतं, त्यानं चुरचुरतं. मुलतानी माती तेल शोषून त्वचा कोरडी करते. पीठ चोळताना खरवडलं जातं. ज्यांना इसब नाही त्यांचं कदाचित निभावेल, या मुलांचं नाही. आणि डोक्याला खोबरेल चोपडून झोपलं तर ते कपाळावर उतरतं, त्यानं केसांच्या कडेनं मुरमं येतात. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा आणि धुऊन टाका.

बाटली आणली की लगेच चेहऱ्यावर नको. हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावून धुवा, आठवडाभर. लाली किंवा खाज आली नाही तर चेहऱ्यासाठी घ्या.

धुण्याची पद्धत सोपी आहे. दिवसातून दोनदा, आणि खेळून घामाघूम होऊन आल्यावर एकदा. पाणी कोमट, बोटांची टोकं, अर्धा मिनिट. स्पंज किंवा ब्रश नको. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, ज्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं असेल असं.

एक घरगुती कसोटी सांगतो. एखाद्या दिवशी तोंड धुतल्यावर मुद्दाम दहा मिनिटं काही लावू नका. चेहरा ताणल्यासारखा वाटला किंवा चुरचुरला, तर तो फेसवॉश तुमच्या मुलाचा नाही. स्वच्छ चेहरा चरचरीत वाटायला हवा ही आपली समजूत भांडी घासण्यातून आली आहे. ती चेहऱ्याला लागू नाही.

माझ्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. कोट्याला कोचिंगसाठी राहायचा. वसतिगृहात बोअरवेलचं पाणी, आणि हा दिवसातून सहा वेळा मुरमांच्या फेसवॉशनं तोंड धुवायचा. भुवया आणि ओठांभोवतीचे भाग सोलवटले होते, मुरमं होती तशीच. पहिले तीन आठवडे मी त्याला मुरमांचं काहीच दिलं नाही. फक्त सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर आणि इसबाचं योग्य औषध. त्वचा शांत झाल्यावर मग रात्री अ‍ॅडापालीन, तेही आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरवरून. फरक दिसायला तीन महिने लागले. मुरमांच्या औषधाला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

फेसवॉशमधलं औषध अर्ध्या मिनिटात बेसिनमध्ये जातं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश काहींना डॉक्टर देतात, पण इसब असताना तो आपल्या मनानं सुरू करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. औषधाच्या दुकानात ‘चेहऱ्यावर खाज, पुरळ’ असं सांगितलं की कित्येकदा स्टिरॉइड असलेली मिश्र क्रीम हातात पडते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्यातली नावं. दोन दिवसांत चेहरा छान दिसतो. महिने-दोन महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल पडते, नवी मुरमं येतात आणि क्रीम बंद केली की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. डॉक्टर इसबासाठी सौम्य स्टिरॉइड ठरावीक दिवस देतात, ते घाबरण्यासारखं नाही. चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं लावणं घातक आहे. आणि गोल कडा असलेला, पसरत जाणारा डाग इसब नसून गजकर्ण असू शकतो. स्टिरॉइडनं तो आणखी पसरतो.

पिवळी खपली धरून पाणी वाहू लागलं, दुखऱ्या खोल गाठी आल्या, खड्डे पडू लागले किंवा पापण्या सुजल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तापाबरोबर दुखरे फोड अचानक उठले तर त्याच दिवशी जा. तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो.

शेवटचं आईबाबांसाठी. मुरमं अस्वच्छतेनं येत नाहीत. ‘तोंड नीट धूत नाहीस’ हे वाक्य घरात बंद करा. ते ऐकलेली मुलं दार लावून चेहरा घासतात, आणि आपण आज ज्या भिंतीबद्दल बोललो ती आणखी पडते. मूल आरशात बघायचं टाळत असेल, मित्रांत जात नसेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. तोही तपासणीचाच भाग आहे.

पुढच्या भागात मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन बघू. तोवर घरातली बाटली उलटी करून तिची मागची बाजू वाचून ठेवा.