अल्पवयाची दुहेरी साक्ष

अल्पवयीन आरोपीच्या वयाला न्यायविचारात आज दोन परस्परविरोधी अर्थ प्राप्त झाले आहेत. एक मेंदूविज्ञानाने बळकट केला, दुसरा अल्गोरिदमने रूढ केला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ (२००५) या खटल्यात, गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यास देहदंड देणे घटनाबाह्य ठरविले. पुढे ‘ग्रॅहम विरुद्ध फ्लोरिडा’च्या (२०१०) निकालात मेंदूविज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आला. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो; यास्तव मुलाचा दोष प्रौढाहून उणा आणि सुधारण्याची शक्यता अधिक, असा हा युक्तिवाद होय.

पुनर्गुन्ह्याचा संभव वर्तविणाऱ्या साधनांत नेमके उलट घडते. ‘कॉम्पास’ या साधनाच्या हिंसाविषयक गणनेत सध्याचे वय आणि प्रथम अटकेच्या वेळचे वय जितके कमी, तितका धोक्याचा अंक मोठा. हे साधन मुख्यतः प्रौढांसाठी आहे. तथापि अल्पवयीनाचा खटला प्रौढांच्या न्यायालयात गेला की त्याची गणनाही अशाच साधनाने होऊ शकते. गणिताच्या दृष्टीने यात चूक नाही; वाढत्या वयाबरोबर गुन्हे घटतात, हे गुन्हेशास्त्राचे जुनेच निरीक्षण आहे. पण ज्या अपरिपक्वतेमुळे दोष उणा ठरतो, तीच ‘धोका’ या शब्दाआडून कोठडी लांबवू शकते. न्यायाधीशापुढे येतो तो केवळ अंक. त्यातील वयाचा वाटा त्याला दिसत नाही. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ‘कॉम्पास’ला अनुमती दिली, ती हा अंक समूहाच्या माहितीवर आधारलेला आहे असे बजावूनच.

समूह आणि व्यक्ती यांतील हेच अंतर भारतातही उपस्थित होते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ नुसार, निर्घृण अपराधाचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची पात्रता मंडळाने प्राथमिकरीत्या तपासावयाची असते. मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य मंडळ ‘घेऊ शकेल’, असे कलम म्हणते. बालमानसशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक मंडळावर नसेल तेथे हे ‘शकेल’ बंधनकारक समजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. एका क्रियापदावर मुलाचे भवितव्य असे अवलंबून असते!

हे मूल्यमापन मेंदूच्या प्रतिमेने अधिक निश्चित होईल, ही अपेक्षा मात्र फोल आहे. ‘किशोर आवेगशील असतात’ हे विधान सरासरीचे; ‘हा किशोर त्या क्षणी आवेगवश होता’ हे एका व्यक्तीचे. पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही. शिवाय प्रतिमा घेतली जाते ती कृत्यानंतर काही महिन्यांनी, आणि मधल्या काळात तो मेंदूही बदललेला असतो.